इंग्रजांचा वटहुकूम आपण राज्यघटनेत का ठेवला?

सांजवेळ

हुतात्मा राजगुरूंवर चाललेल्या खटल्याबद्दल वाचत होते. एका ठिकाणी अडले ती चार दिवस तिथेच आहे, म्हणून हा धागा.

लाहोर कटाचा खटला १९२९ च्या जुलैत सुरू झाला. आरोपी तुरुंगात उपोषणाला बसले होते. जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबरला गेले. आरोपींना कोर्टात आणता येईना, खटला पुढे सरकेना. तेव्हा सरकारने मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणलं की आरोपी गैरहजर असला तरी खटला चालवता यावा. सभागृहात त्याला कडाडून विरोध झाला. जीनांचं त्यावरचं भाषण आजही वाचण्यासारखं आहे. विधेयक तिथेच अडलं.

मग १ मे १९३० रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी वटहुकूम काढला. तीन न्यायाधीशांचं खास न्यायाधिकरण नेमलं, आरोपींच्या गैरहजेरीत काम चालवायची मुभा दिली आणि उच्च न्यायालयात अपील करायची वाट बंद केली. ७ ऑक्टोबरला निकाल लागला. लंडनमधल्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाकडे, दाद मागितली गेली की एवढी निकड खरंच होती का. उत्तर आलं की ते गव्हर्नर जनरलनी, म्हणजे व्हाइसरॉयनीच, ठरवायचं, न्यायालयाने त्यात शिरायचं नाही. २३ मार्च १९३१ ला फाशी.

सभागृहाने जे दिलं नाही ते एका सहीने मिळालं.

आणि वीस वर्षं उलटायच्या आत आपल्या राज्यघटनेत कलम १२३ आलं : संसद चालू नसताना राष्ट्रपती वटहुकूम काढू शकतात. राज्यपालांसाठी कलम २१३. घटना समितीत बसलेले कितीतरी लोक अशाच हुकुमांखाली तुरुंगात गेलेले होते. ते विसरले होते असं म्हणवत नाही. मग हे हत्यार त्यांनी मोडून का टाकलं नाही? मला याचं खरं उत्तर हवं आहे. कुणी नीट समजावून सांगेल का?

उंबरठा

ताई, वकिली करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नाव तेच राहिलं, पण आतली यंत्रणा घटनाकारांनी बरीच बदलली. इंग्रजांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यात गव्हर्नर जनरलकडे दोन वेगळे अधिकार होते. कलम ४२ खाली विधिमंडळ बंद असताना वटहुकूम काढता येई. कलम ४३ खाली काही विषयांत विधिमंडळ चालू असतानाही, स्वतःच्या मर्जीने काढता येई. १९४९ च्या मे महिन्यात मसुद्याच्या कलम १०२ वर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी हाच फरक पुढे केला. आपण घेतोय ती ४२ ची वंशज आहे. सभागृहाला समांतर असा दुसरा कायदेकर्ता आपण उभा करत नाही.

कुलूपं कोणती घातली ते पाहा. दोन्ही सभागृहं चालू असतील तर वटहुकूम निघू शकत नाही. सही राष्ट्रपतींची असली तरी निर्णय मंत्रिमंडळाचा, आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार. संसदेला जो कायदा करता येत नाही तो वटहुकुमानेही करता येत नाही, म्हणजे मूलभूत हक्क त्यालाही आडवे येतात. आयर्विनच्या हुकुमाला असं काही आडवं येणार नव्हतं. आणि शेवटचं कुलूप मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं : वटहुकूम दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवायचा, म्हणजे त्यांच्यापुढे रीतसर मांडायचा, आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही, त्यामुळे एका वटहुकुमाचं जास्तीत जास्त आयुष्य साधारण साडेसात महिने.

घटना समितीचे सदस्य पंडित हृदयनाथ कुंझरूंना हेही जास्त वाटत होतं. मुदत आणखी कमी करा म्हणून त्यांनी दुरुस्ती मांडली होती. ती मान्य झाली नाही. पुढचा इतिहास माहीत असल्यामुळे मला त्यांची काळजी आज फार रास्त वाटते.

एक शब्दाची गोष्ट. बातम्यांत शासन निर्णयालाही 'अध्यादेश' म्हणतात. शासन निर्णय म्हणजे आधीच्या कायद्याखाली किंवा प्रशासकीय अधिकारात काढलेला आदेश. अध्यादेश, म्हणजेच वटहुकूम, हा स्वतःच कायदा असतो. इथे आपण दुसऱ्याबद्दल बोलतो आहोत.

रानवाट

मी वेगळी बाजू मांडतो, आणि मनापासून मांडतो.

जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. विधेयक यायचं, रेंगाळायचं, पुन्हा नव्याने यायचं. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात त्यांचा खून झाला. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने वटहुकुमाला मंजुरी दिली आणि आठवडाभरात तो लागू झाला. त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला.

नरबळी, करणी काढण्याच्या नावाखाली मारहाण, बाईला चेटकीण ठरवून गावातून हाकलणं. यातलं काय डिसेंबरपर्यंत थांबणार होतं? त्या चार महिन्यांत हा वटहुकूम कुणाच्या तरी पाठीशी उभा राहिला असेल तर मला तेवढं पुरेसं आहे. सभागृहात वर्षं गेली आणि सहीला दिवस लागले. सभागृह हेच लोकशाहीचं मंदिर वगैरे मी ऐकून आहे, पण मंदिराचा दरवाजा उघडेपर्यंत माणसं बाहेर मरत असतात.

सांजवेळ

रानवाट, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तो वटहुकूम मलाही हवाच होता, हे आधी कबूल करते.

पण एक सांगा. विधेयक इतकी वर्षं पडून होतं ते तातडी नव्हती म्हणून का? तातडी तेव्हाही होतीच. सत्तेवरच्यांची इच्छा नव्हती किंवा हिंमत नव्हती. वटहुकुमाने ती हिंमत एका दिवसात आणली, तेही एक माणूस गेल्यावर. यात वटहुकुमाचं श्रेय किती आणि सभागृहाचा दोष किती, हे मला अजून सुटत नाही.

दीपमाळ

तत्त्वज्ञानाच्या बाजूने थोडं. हा प्रश्न फार जुना आहे.

१६१० साली इंग्लंडच्या राजाने विचारलं की जाहीरनामा काढून मी नवा गुन्हा निर्माण करू शकतो का. सर एडवर्ड कोक आणि इतर न्यायाधीशांनी सांगितलं की नाही, कायद्याने जेवढा दिला आहे तेवढाच अधिकार राजाला आहे. पुढे त्याच शतकात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने दुसरी बाजू मांडली. कायदे करणारी सभा सतत भरलेली नसते, तिच्यात माणसं फार, तिचा वेग कमी, आणि सगळे प्रसंग आधी ओळखून कायदे लिहिताही येत नाहीत. म्हणून लोकहितासाठी, कायद्याची वाट न पाहता वागण्याचा काही अधिकार कार्यकारी सत्तेकडे हवा. म्हणजे रानवाट म्हणतात ते लॉकही म्हणतो. पण त्या अधिकाराचा गैरवापर झाला तर न्याय कोण करणार, या प्रश्नावर लॉक थांबतो. पृथ्वीवर असा न्यायाधीश नाही, लोकांनी आकाशाकडे दाद मागावी, इथवर तो येतो.

माझ्या मते कलम १२३ हा लॉकने सोडून दिलेल्या जागी उत्तर लिहिण्याचा प्रयत्न आहे. न्यायाधीश पृथ्वीवरच आहे : तेच सभागृह, परत जमल्यावर.

जर्मनीच्या पहिल्या महायुद्धानंतरच्या वायमार राज्यघटनेशी ताडून पाहा म्हणजे कलम १२३ ची बांधणी कळते. तिथल्या कलम ४८ खाली राष्ट्राध्यक्षांचे आणीबाणीचे आदेश चालू राहत, संसदेने रद्द करायला सांगेपर्यंत. १९३० च्या जुलैत संसदेने खरोखरच तसं सांगितलं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी संसदच बरखास्त केली आणि आदेश पुन्हा काढले. त्यानंतर कायदे करण्याचं काम हळूहळू संसदेकडून आदेशांकडे सरकत गेलं. १९३३ पर्यंत, म्हणजे हिटलर सत्तेवर आला तोवर, लोकांना संसदेविना राज्य चालण्याची सवय झालेली होती.

आपल्याकडे उलट आहे. सभागृह नुसतं गप्प बसलं तरी वटहुकूम मरतो. हो म्हणून घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. लोकप्रतिनिधींचं मौन म्हणजे संमती, असं घटनाकारांनी मानलं नाही. मौन म्हणजे नकार. सांजवेळ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. हत्यार मोडलं नाही, पण त्याची मूठ सभागृहाच्या हातात दिली.

पानगळ

दीपमाळ, शेवटचा परिच्छेद वाचला आणि वाधवा आठवले. मौन म्हणजे नकार हे बरोबर, पण तो नकार निकामी कसा करता येतो हे बिहारने दाखवलं आणि पुण्यात बसलेल्या एका अभ्यासकाने ते पकडलं.

डॉ. डी. सी. वाधवा गोखले अर्थशास्त्र संस्थेत होते. बिहारच्या जमीनविषयक कायद्यांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की हे कायदे कायदे नाहीतच, वटहुकूम आहेत, आणि तेच पुन्हा पुन्हा निघताहेत. त्यांनी राजपत्रं चाळायला घेतली. १९६७ ते १९८१ या काळात बिहारच्या विधिमंडळाने १८९ कायदे केले आणि राज्यपालांच्या सहीने २५६ वटहुकूम निघाले. उसाच्या पुरवठ्याबद्दलचा एक वटहुकूम तेरा वर्षांहून जास्त जिवंत ठेवला गेला. साडेसात महिन्यांचं आयुष्य असलेली गोष्ट, तेरा वर्षं!

पद्धत अशी होती. अधिवेशन संपलं की खात्यांना ठरावीक छापाचं पत्र जायचं : सत्रसमाप्ती झाली आहे, तुमचे वटहुकूम पुन्हा काढायचे असतील तर प्रस्ताव पाठवा. निकड आहे का हा प्रश्नच नाही. घरभाड्याचा करार अकरा महिन्यांनी नव्याने करावा तसा कायदा नव्याने काढला जात होता.

वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. बिहार सरकारचं एक म्हणणं असं की या गृहस्थांचा याच्याशी संबंध काय, यांचं काय नुकसान झालं? न्यायालयाने दिलेलं उत्तर मी स्वतःच्या शब्दांत सांगतो : राज्यघटनेने सांगितलेल्या रीतीने केलेल्या कायद्यांनीच आपल्यावर राज्य व्हावं, असा आग्रह धरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवती यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने हा प्रकार म्हणजे राज्यघटनेशी केलेली लबाडी आहे असं ठरवलं, आणि वाधवांना खर्चापोटी १०,००० रुपये देण्याचा आदेश दिला.

वर्षानुवर्षं राजपत्रांची पानं मोजत बसणारा एक माणूस. कोणत्याही सभागृहाचा सभासद नसताना त्याने सभागृहाचा अधिकार परत मिळवून दिला. मला तर हे वाचताना भरून येतं.

नवाकोरा

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितोय. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. कलमं पाठ आहेत, पण हे सगळं असं कधी कळलं नव्हतं. एक शंका विचारतो. अधिवेशन चालू नसताना निकड निर्माण झाली तर वटहुकूम, हे समजलं. पण अधिवेशन कधी बोलवायचं आणि कधी संपवायचं हे तर सरकारच ठरवतं ना? मग निकड आणि दार दोन्ही एकाच हातात नाही का?

उंबरठा

नवाकोरा, तुम्ही नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंत.

दोन उदाहरणं देतो, दोन वेगळ्या सरकारांची, म्हणजे पक्षावरून वाद नको. १९ जुलै १९६९, शनिवार. चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. संसदेचं अधिवेशन सुरू होणार होतं सोमवारी, २१ जुलैला. दोन दिवस! प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांपुढे गेलं, पण तोवर वटहुकुमाच्या जागी कायदा आलेला होता, त्यामुळे दोन दिवसांची निकड खरी होती का हा प्रश्न न्यायालयाने सोडवलाच नाही.

दुसरं २०१५ चं. भूसंपादनाचा वटहुकूम संपत आला होता. राज्यसभेत बहुमत नव्हतं. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत २८ मार्चला राज्यसभेची सत्रसमाप्ती केली गेली, आणि एप्रिलच्या सुरुवातीला वटहुकूम पुन्हा काढला. कलमात 'दोन्ही सभागृहं चालू असतील तर नाही' असं आहे. त्यामुळे एक बंद केलं तरी पुरतं. मे महिन्यात तो तिसऱ्यांदा निघाला आणि ऑगस्टअखेर सरकारने तो संपू दिला.

निकड आहे ही सरकारची खात्री न्यायालयाने तपासायची की नाही, यावरही मोठी ओढाताण झाली. १९७५ च्या ३८ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींची खात्री अंतिम ठरवली. प्रिव्ही कौन्सिलने १९३१ साली आयर्विनबद्दल जे म्हटलं होतं तेच आपण स्वतःच्या हाताने राज्यघटनेत लिहिलं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ते काढलं. काही वर्षं का होईना, ते तिथे होतं, हे मला विसरता येत नाही.

शेवटचा बाक

सगळे वरून बघताय, मी खालून बघते. मी शाळेत शिकवते आणि काही वर्षं अशा नेमणुकीवर काढली आहेत की पुढच्या जूनमध्ये आपण असू की नसू हे माहीत नसायचं. म्हणून मला २०१७ चा कृष्णकुमार सिंह खटला जवळचा वाटतो.

बिहारमध्येच, १९८९ साली, खाजगी संस्कृत शाळा सरकारने ताब्यात घेतल्या, वटहुकुमाने. शिक्षकांना वाटलं, आपण सरकारी झालो. वटहुकूम संपला, दुसरा निघाला, तिसरा निघाला. एकही सभागृहापुढे ठेवला गेला नाही. १९९२ च्या एप्रिलअखेर शेवटचा संपला आणि कायदा झालाच नाही. शिक्षक कोर्टात गेले. सात न्यायाधीशांचा निकाल यायला २०१७ चा जानेवारी उजाडला. म्हणजे जवळपास पंचवीस वर्षं.

निकाल तत्त्व म्हणून चांगला आहे. वटहुकूम सभागृहापुढे ठेवणं बंधनकारक ठरलं. न ठेवता पुन्हा काढणं ही लबाडी ठरली. संपलेल्या वटहुकुमातून कायमचे हक्क आपोआप निर्माण होत नाहीत हेही ठरलं. पण या शेवटच्या वाक्याचा अर्थ त्या शिक्षकांसाठी काय? सरकारी नोकरी नाही. दिलेला पगार परत घेऊ नका, एवढंच पदरात पडलं.

लबाडी कुणी केली आणि भरलं कुणी? त्या मास्तरांनी काय करायला हवं होतं? नेमणुकीचा कागद हातात आल्यावर, हा पटलावर ठेवला का हो, असं विचारायला विधिमंडळात जायचं?

उंबरठा

बाई, या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. आधीचे निकाल दुसऱ्या टोकाला होते. १९८५ साली आंध्रच्या एका प्रकरणात वटहुकुमाने गावकामगारांची पदं रद्द केली, वटहुकूम संपला, तरी न्यायालय म्हणालं पदं गेली ती गेलीच. म्हणजे तिथेही खालचाच माणूस भरडला. २०१७ च्या निकालाने निदान कसोटी दिली : जे झालं ते उलटवणं अशक्य आहे का, की उलटवल्याने लोकहिताचं मोठं नुकसान होईल, हे पाहायचं. पण हे पाहणार न्यायालय, आणि तेही पंचवीस वर्षांनी.

रानवाट

बाईंच्या प्रतिसादाने मला हलवलं. मी वटहुकुमाच्या वेगाचं कौतुक केलं होतं. वेगाने दिलेलं तितक्याच वेगाने जातं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

तरी दीपमाळ, तुमच्या 'मौन म्हणजे नकार' वर माझा आक्षेप उरतोच. २०१४ च्या जुलैत महाराष्ट्रात मुस्लिम समाजातल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षण देणारा वटहुकूम निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणातलं आरक्षण सुरू ठेवायला हरकत घेतली नव्हती. मधे निवडणूक झाली, सरकार बदललं आणि वटहुकूम व्यपगत झाला, म्हणजे मुदत संपून आपोआप बाद झाला. आरक्षण द्यावं की नाही यावर इथे दुमत असेल, त्यात मी शिरत नाही. पण हे बंद करतो आहोत असं म्हणून कुणालाही हात वर करावा लागला नाही. मौनाला नकार मानलं की नकार देणाऱ्याचं तोंड दिसत नाही. मग सभागृह जाब कसा देणार?

दीपमाळ

मान्य. हे मी पाहिलं नव्हतं. मौनाने सरकारला आवर बसतो, पण सभागृहालाही त्यामागे लपता येतं. निरनुमोदनाचा, म्हणजे वटहुकूम नामंजूर करण्याचा, ठराव मांडण्याची सोय कलमात आहे, म्हणजे स्पष्ट नाही म्हणता येतं. तसंच सहा आठवड्यांच्या आत प्रत्येक वटहुकुमावर हो किंवा नाही असं मतदान घेतलंच पाहिजे, असा नियम सभागृहांनी स्वतःच्या कामकाजात करावा. त्याला घटनादुरुस्ती लागणार नाही.

सांजवेळ

मी चार दिवस चुकीचा प्रश्न घेऊन बसले होते बहुतेक. इंग्रजांचं हत्यार का ठेवलं, हे विचारत होते. उंबरठा आणि दीपमाळ यांनी दाखवलं की ठेवताना त्यांनी ते सभागृहाच्या पायरीशी साखळीने बांधलं होतं. आणि पानगळ, तुमच्या वाधवांनी दाखवलं की साखळी कुणीतरी रोज तपासावी लागते.

रानवाट, दाभोलकरांबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर परत आले. तो वटहुकूम मला योग्य वाटतो, आणि त्याचं कारण आता सांगता येतं. तो निघाला आणि पुढच्याच अधिवेशनात विधिमंडळापुढे गेला, चर्चा झाली, कायदा झाला. उसनं घेतलं होतं ते मुदतीत परत केलं. आयर्विनने सभागृहाने अडवलेली गोष्ट सभागृहाला बगल देऊन घेतली. कागद एकाच जातीचे, पण मला आता ते एक वाटत नाहीत.

बाईंच्या प्रश्नाला मात्र इथे कुणाकडेच उत्तर नाही, माझ्याकडेही नाही.

नवाकोरा

सगळ्यांचे आभार. राज्य विधिमंडळाच्या कामकाजात कुठले अध्यादेश पटलावर ठेवले याची नोंद असते, असं कळलं. राजपत्रात निघालेले आणि पटलावर ठेवलेले असे दोन तक्ते करून जुळवायचा विचार आहे. परीक्षा झाली की बसतो. कुणी सोबत येणार का?

पानगळ

मी येतो. जुनी राजपत्रं कशी चाळायची ते थोडं माहीत आहे. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

शेवटचा बाक

मीही. शनिवार-रविवार मोकळी असते.